संगणकीय अंकगणिताची मानके आणि पेटंट

संगणकाने संख्या किती बिटांत साठवायची, बेरीज-गुणाकाराचे उत्तर कोणत्या बाजूला राउंड करायचे, शून्याने भागले तर काय परत द्यायचे, हे ठरवून देणाऱ्या दस्तऐवजाला संगणकीय अंकगणिताचे मानक म्हणतात. त्यातील एखादी गोष्ट आधीच कोणाच्या पेटंटाखाली येत असेल, तर मसुद्याची भाषा, समितीचे वेळापत्रक आणि पुढे मानक वापरणाऱ्याचा खर्च हे तिन्ही बदलतात. या क्षेत्रातील मुख्य मानके दोन, दोन्ही आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची : फ्लोटिंग पॉइंटसाठी (अंक आणि घातांक वेगळे साठवलेल्या अपूर्णांकी संख्या) आयईईई 754 (1985, सुधारित 2008 व 2019) आणि इंटरव्हल अंकगणितासाठी (एका संख्येऐवजी दोन टोकांमधला पल्ला) आयईईई 1788 (2015).

पेटंट कशावर मिळते : गणित कोणाच्या मालकीचे होत नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गॉटशॉक विरुद्ध बेन्सन या खटल्यात पेटंट नाकारले. तिथला दावा संगणकीय अंकगणिताचाच होता : बीसीडीतील (प्रत्येक दशमान अंक चार बिटांत वेगळा लिहिलेली) संख्या शुद्ध द्विमान संख्येत बदलण्याची रीत. भारतात पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3(के) प्रमाणे गणितीय पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम हे शोध ठरत नाहीत. मात्र तेच गणित करणारे सर्किट, रजिस्टरांची रचना किंवा प्रोसेसरची आज्ञा असा दावा मांडला, की पेटंट मिळू शकते आणि मिळतेही. मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे. पेटंट देशापुरते असते, मानक मात्र जगभर वापरले जाते. निम्मा गुंता इथूनच सुरू होतो.

मसुद्याची भाषा : 754 च्या पहिल्या मसुद्यांवर 1977 पासून काम झाले. त्या काळी अमेरिकेत प्रलंबित अर्ज मंजुरीपर्यंत गुप्त राहत आणि मुदत मंजुरीपासून 17 वर्षे मोजली जाई. कोणाचा अर्ज आत पडून आहे, हे समितीला कळण्याचा मार्गच नव्हता. इंटेलने आपले सल्लागार गणितज्ञ विल्यम काहान यांना 8087 या फ्लोटिंग पॉइंट चिपचे अंकगणित समितीपुढे मांडू दिले, पण चिपची अंतर्गत रचना नाही. ही मर्यादा मानकाच्या पथ्यावर पडली. मानकाने उत्तर काय हवे तेवढेच सांगितले : क्रिया अमर्याद अचूकतेने केली असे धरा आणि मग ठरलेल्या नियमाने एकदाच राउंड करा. ते उत्तर कसे काढायचे, यावर मानक गप्प आहे. गुणाकारासाठी बूथची रीत घ्या किंवा वॉलेसचे झाड, भागाकारासाठी एसआरटी घ्या, न्यूटन-रॅफसन घ्या किंवा गोल्डश्मिट. शेवटचा बिट बरोबर आला की काम झाले. अशा मानकात एखाद्या सर्किटवरचे पेटंट त्या सर्किटापुरतेच राहते, कारण दुसरी वाट मोकळी असते. ‘कसे’ मानकात घुसले, की ते पेटंट प्रत्येक उत्पादकाच्या मानेवर बसते.

तरीही काही ठिकाणी ‘काय’ आणि ‘कसे’ वेगळे काढता येत नाहीत. गुणाकार-बेरीज एकत्र करणारी एफएमए ही आज्ञा (एकदाच राउंड करून अ×ब+क) आयबीएमने 1990 मध्ये आरएस/6000 संगणकात आणली, 754 मध्ये ती 2008 साली आली. दुहेरी अचूकतेत (64 बिटांत साठवलेली संख्या) 53 बिटांचे दोन अंकभाग गुणले की 106 बिट होतात. तिसरी संख्या त्यांच्या डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून जुळवावी लागत असल्याने नेहमीच्या रचनेत सुमारे 160 बिटांची बेरीजवाट लागते. व्याख्या एका ओळीची, पण ती वेगाने पाळण्याच्या रचना मोजक्याच. अशा आज्ञेवर नवे पेटंट असेल, तर ते टाळायला कागदावर पर्याय असतो, चिपवर परवडणारा नसतो. अठरा वर्षांच्या अंतराचा इथे एक अनपेक्षित फायदा झाला : सुरुवातीच्या रचनांवरील हक्कांची मुदत मानक रुळेपर्यंत संपत आली होती. समितीचा संथपणा कधीकधी उपयोगी पडतो तो असा.

संख्येची साठवण हा सर्वांत नाजूक भाग. बिटांची मांडणी ही व्याख्या आणि रचना दोन्ही असते. तिला वळसा घालता येत नाही. 2008 च्या मानकातील दशमान संख्यांसाठी दोन मांडण्या आहेत. आयबीएमकडून आलेल्या डीपीडीत तीन दशमान अंक 10 बिटांत बसतात (1024 पैकी 1000 संकेत वापरून) आणि मोजक्या लॉजिक गेटांत सुटतात. इंटेलने मांडलेल्या बीआयडीत सगळे अंक मिळून एक द्विमान पूर्णांक असतो, जो सॉफ्टवेअरला सोयीचा. वाद मुख्यतः हार्डवेअर विरुद्ध सॉफ्टवेअर असा होता, आणि समितीने एक निवडण्याऐवजी दोन्ही ठेवल्या. पेटंटाच्या नजरेने याचा अर्थ असा, की एका मांडणीवर कोणाचा हक्क असला तरी उत्पादक दुसरी घेऊन मानक पाळू शकतो. किंमत मात्र मोजावी लागली : दोन यंत्रांतील तीच संख्या बिट पाहून तुलना करता येत नाही, आधी रूपांतर करावे लागते.

इंटरव्हल अंकगणित : इथे संख्येऐवजी खालची आणि वरची अशा दोन टोकांची जोडी ठेवतात, बेरजेत खालचे टोक खाली राउंड करायचे, वरचे वर. कल्पना 1950 च्या दशकातली आणि रॅमन मूर यांचे पुस्तक 1966 चे, म्हणजे मूळ गणित पेटंटाच्या आवाक्याबाहेर. पण 2000 नंतरच्या काही वर्षांत सन मायक्रोसिस्टिम्सने इंटरव्हलची साठवण, भागाकार, समीकरणे सोडवणे अशा कामांवर पेटंटांची मालिकाच घेतली. 1788 ची समिती 2008 मध्ये बसली. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. मसुदा चालू असताना हक्कांचा मालक बदलू शकतो, म्हणूनच दिलेली हमी पुढच्या मालकावरही बंधनकारक असावी लागते. धोका कुठे असतो, तर शून्य ज्याच्या पोटात आहे अशा इंटरव्हलने भागताना. खरे उत्तर दोन तुकड्यांत येते. ते दोन तुकडे कसे साठवायचे, एक सलग आवरण परत द्यायचे की जोडी, हे ठरवताना प्रत्येक पर्याय कोणाच्या दाव्याशी जुळतो का ते पाहावे लागते. जुन्या प्रकाशित शोधनिबंधातील व्याख्या जशीच्या तशी घेणे हा इथला सर्वांत भरवशाचा बचाव आहे.

हमीपत्र : आयईईईच्या नियमांनुसार बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष विचारतात, की मसुद्याला अनिवार्य ठरू शकेल असा एखादा दावा कोणाला ठाऊक आहे का. उत्तर वैयक्तिक माहितीपुरते द्यायचे असते. शोधाशोध करण्याची सक्ती नसते. नाव पुढे आले, की त्या मालकाकडे हमीपत्र मागतात. त्यात पर्याय असतात : हक्क बजावणार नाही, मोफत परवाना देऊ, वाजवी दराने आणि भेदभाव न करता परवाना देऊ, किंवा असे काहीच देणार नाही. शेवटचा पर्याय आला किंवा उत्तरच आले नाही, तर प्रकरण संस्थेच्या पेटंट समितीपुढे जाते आणि बहुधा तो कलम-भाग नव्याने लिहावा लागतो. स्वीकारलेले हमीपत्र मागे घेता येत नाही.

दोन गोष्टी नवख्यांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, आयईईईच्या व्याख्येत ‘अनिवार्य’ दावा मानकाच्या ऐच्छिक भागावरचाही असू शकतो. ‘ते तर पर्यायी आहे’ म्हणून सुटका नाही. मंजुरीच्या वेळी परवडणारा, तांत्रिकदृष्ट्या शक्य असा दुसरा मार्ग नव्हता ना, ही कसोटी. दुसरी, पेटंट वैध आहे का, त्याचा अर्थ काय, परवान्याचा दर किती, यावर बैठकीत चर्चा करायला मनाई आहे, कारण प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र बसून दर ठरवणे स्पर्धा-कायद्यात अडकते. त्यामुळे अभियंते कुजबुजतात, वकील बाहेर बोलतात आणि मसुदा मात्र कारण न सांगता बदलतो. त्यात भर म्हणजे अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तिपटीपर्यंत भरपाई लागू शकते. म्हणून अनेक कंपन्या आपल्या माणसांना पेटंट वाचूच नका असे सांगतात. ज्यांना सर्वांत जास्त कळते त्यांनीच डोळे मिटून घ्यावेत, अशी ही व्यवस्था आहे.

गप्प बसण्याचे परिणामही झालेले आहेत. व्हीएल-बस या संगणकाच्या आतील जोडणीच्या मानकावर मत देताना डेलच्या प्रतिनिधीने आपल्या कंपनीचा हक्क आड येत नाही असे लिहून दिले होते, नंतर कंपनीने हक्क सांगितला. 1996 च्या तडजोडीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तो हक्क मानक वापरणाऱ्यांवर बजावायला मनाई केली. अंकगणिताच्या अगदी जवळचा खटला सिंग्युलर कंप्युटिंगचा. कमी अचूकतेच्या पण मोठ्या पल्ल्याच्या गणनयंत्रणेवरील पेटंट गुगलच्या टीपीयू या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या चिपांनी मोडले असा दावा होता, मागणी 1.67 अब्ज डॉलरची. जानेवारी 2024 मध्ये तडजोड झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या 8 बिटांच्या व त्याहून लहान संख्यांची मानके याच सावलीत लिहिली जात आहेत. ओपन कंप्यूट या उद्योगसंघाच्या 2023 च्या एमएक्स या संख्या-मांडणीच्या तपशिलात 32 घटकांचा गट एकच मापनांक वाटून घेतो. ही ब्लॉक फ्लोटिंग पॉइंटची जुनी कल्पना. नव्या दाव्यांना रोखायला ते जुनेपण कामाला येते.

दावा तपासण्याची रीत : आधी मसुद्यातील ‘असलेच पाहिजे’ आणि ‘असावे’ ही वाक्ये वेगळी काढतात. मग सीपीसी या पेटंट-वर्गीकरणातून शोध : फ्लोटिंग पॉइंटसाठी जी06एफ 7/483, राउंडिंग व अपवादांसाठी 7/499 चा गट, त्यातच इंटरव्हलसाठी 7/49989, गुणाकार-बेरजेसाठी 7/544 चा गट, संकेतबदलासाठी एच03एम 7. नुसत्या शब्दांनी शोधले तर निम्मे हाती लागत नाही, कारण वकील ‘राउंडिंग’ला ‘मूल्य-समायोजन’ म्हणू शकतो. सापडलेल्या पेटंटाचा सारांश किंवा चित्रे नव्हे, स्वतंत्र दावे (दुसऱ्या दाव्यावर न टेकलेले) वाचायचे. दाव्याचे घटक पाडून प्रत्येकासमोर मानकाचे कलम लिहायचे. एक घटक जरी जुळला नाही तरी शब्दशः उल्लंघन होत नाही. शेवटी प्राधान्य-तारीख, नूतनीकरण शुल्क भरले आहे का आणि कोणत्या देशांत हक्क आहे, हे पाहायचे. शुल्क थकून मेलेली पेटंटे आश्चर्य वाटावे इतकी निघतात. अर्ज सहसा 18 महिन्यांनी प्रकाशित होतो; तेवढ्या काळाचा आंधळा पट्टा कोणत्याही शोधात राहतोच.

सांगलीच्या संदर्भात : पूर्वज्ञान (अर्जाआधीच प्रसिद्ध असलेले ज्ञान) दाखवून पेटंट कसे पाडायचे, हे हळदीच्या बाजारपेठेत वावरणाऱ्या सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये अमेरिकेत मिळालेले पेटंट भारताच्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने 1997 मध्ये रद्द करून घेतले, ते ‘आमच्याकडे पूर्वापार चालते’ एवढ्या बोलण्यावर नव्हे, तर जुने छापील पुरावे पुढे ठेवून. अंकगणिताच्या समित्या मसुदे आणि पत्रव्यवहार तारखेसह जपून ठेवतात ते याचसाठी.

त्याच हळदीच्या सौद्याची पट्टी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दशमान अंकगणिताची गरज दिसते. 1.005 रुपयांना 100 ने गुणून पैसे काढले, तर दुहेरी द्विमान अचूकतेत 100.49999999999999 येते आणि राउंड केल्यावर 101 ऐवजी 100 पैसे उरतात. हजारो नोंदींत ही तूट वह्यांचा ताळेबंद बिघडवते. उपाय म्हणून इंटेलचा दशमान गणिताचा तयार कोडसंग्रह (बीएसडी परवाना) किंवा आयबीएमचा डेकनंबर घेता येतो. बीएसडी परवाना कॉपीराइटची मुभा देतो, पेटंटाविषयी स्पष्ट शब्द त्यात नसतात, अपाची 2.0 या परवान्यात ते असतात. केवळ सॉफ्टवेअर भारतात विकणाऱ्याला कलम 3(के) मुळे धोका कमी. वजनकाट्याच्या किंवा पंप-नियंत्रकाच्या बोर्डावर एफपीजीएमध्ये (हवे ते सर्किट आत भरता येणारी चिप) तेच गणित घालून माल अमेरिकेला पाठवला, तर तिथले पेटंट लागू होते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्हेरिलॉग या सर्किट लिहिण्याच्या भाषेत आरआयएससी-व्ही या खुल्या प्रोसेसर-आज्ञासंचासाठी फ्लोटिंग पॉइंट युनिट लिहिणे हा आता नेहमीचा प्रकल्प आहे. केवळ प्रयोग, संशोधन किंवा अध्यापनासाठी पेटंटातील रचना वापरायला कलम 47 मुभा देते. तोच कोड कंपनीला दिला की ती मुभा संपते. स्वतःची नवी रचना असेल तर अर्ज आधी, प्रकल्प-प्रदर्शन आणि निबंध नंतर. कलम 31 ची 12 महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने, विद्वत्संस्थेपुढील वाचन अशा मोजक्या प्रसंगांनाच आहे, कॉलेजच्या तंत्रमेळ्याला नाही. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, ऑनलाइन भरता येतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात 80 टक्के सूट आहे. दुसऱ्याचा अर्ज प्रकाशित झालेला दिसला आणि त्यातील रचना जुन्या निबंधात सापडली, तर मंजुरीपूर्वी कलम 25(1) खाली कोणीही हरकत घेऊ शकतो. मंजुरीनंतर फक्त हितसंबंध असलेली व्यक्ती, तीही एका वर्षाच्या आत.