शेन विल्यम्स

शेन मार्क विल्यम्स (जन्म : २६ फेब्रुवारी १९७७). वेल्सचा माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटू. ११ क्रमांकाची जर्सी घालणारा डाव्या बगलेचा विंगर. वेल्ससाठी ८७ सामन्यांत ५८ ट्राय (रग्बीतले, चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) ही त्याची कामगिरी त्या देशाचा विक्रम आहे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले. हा मान मिळवणारा तो पहिला वेल्श खेळाडू.

पंधरा जणांच्या रग्बीत विंगर मैदानाच्या अगदी कडेला उभा असतो. पुढच्या फळ्यांतल्या फॉरवर्ड खेळाडूंनी झटापट करून चेंडू बाहेर काढायचा आणि विंगरने तो घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवायचा, अशी ही विभागणी. चेंडू असा टेकवला की ट्राय, म्हणजे पाच गुण. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या धिप्पाड जोना लोमूने बचावपटूंना अक्षरशः तुडवत ट्राय केले आणि विंगर असाच दांडगा हवा, असे प्रशिक्षकांना वाटू लागले. विल्यम्सची उंची जेमतेम १.७० मीटर. तो मोठ्या रग्बीत आला तो नेमका या काळात.

त्याचा जन्म स्वान्झीजवळच्या मॉरिस्टनचा, पण बालपण गेले अमन खोऱ्यातील ग्लॅनअमन या जुन्या कोळसा-खाणींच्या गावी. सत्तरच्या दशकातला महान स्क्रम-हाफ (झटापटीतून बाहेर आलेला चेंडू उचलून पुढे देणारा खेळाडू) गॅरेथ एडवर्ड्स याच परिसरातला. विल्यम्सही अमन युनायटेड या गावच्या क्लबात आधी स्क्रम-हाफ म्हणून खेळला, आणि त्याचा खेळ समजून घ्यायला हा तपशील उपयोगी पडतो. स्क्रम-हाफला चेंडूमागे मैदानभर फिरावे लागते. पुढे विंगर झाल्यावरही विल्यम्सने ही सवय सोडली नाही. चेंडू आपल्यापर्यंत येईल म्हणून कडेला ताटकळत राहण्यापेक्षा तो आत घुसायचा, झटापटीच्या शेजारी जाऊन उभा राहायचा आणि थकलेल्या, जाडजूड फॉरवर्ड खेळाडूंना समोरासमोर गाठायचा. जागच्या जागी पाय नाचवून हुलकावणी देण्याची त्याची पद्धत कबड्डी पाहणाऱ्याला लगेच ओळखू यावी : नजर एकीकडे, खांदा दुसरीकडे आणि पळ तिसरीकडेच. ‘लहान पण चपळ’ एवढ्यावर त्याचे वर्णन आटोपणारे लेखन पुष्कळ आहे. त्यात ही चेंडू शोधत जाण्याची वृत्ती हरवते.

नीथ क्लबकडून खेळत असताना फेब्रुवारी २००० मध्ये कार्डिफला फ्रान्सविरुद्ध बदली खेळाडू म्हणून त्याचे पदार्पण झाले. वेल्स ३–३६ असे सपाटून हरले. त्यानंतरच्या इटलीविरुद्धच्या सामन्यात त्याचा पहिला ट्राय आला. पण दुखापती आणि त्याच्या अंगकाठीविषयीची शंका यांमुळे पुढची दोन-तीन वर्षे तो संघाच्या आतबाहेरच राहिला. २००३ च्या विश्वचषक संघात त्याची वर्णी लागली ती विंगर आणि गरज पडल्यास तिसरा स्क्रम-हाफ अशा दुहेरी हिशेबाने. सिडनीत न्यूझीलंडविरुद्धच्या साखळी सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह हॅन्सन यांनी बऱ्याच प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली आणि विल्यम्सला संधी मिळाली. वेल्स ३७–५३ असे हरले, पण उत्तरार्धात काही काळ ते चक्क आघाडीवर होते. विल्यम्सने ट्राय तर केलाच, शिवाय न्यूझीलंडच्या बचावाची दाणादाण उडवली. उपउपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध तो संघात कायम राहिला आणि त्यानंतर त्याच्या जागेबद्दल फारसा प्रश्न उरला नाही.

सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत पाचही प्रतिस्पर्ध्यांना हरवले की ग्रँड स्लॅम. १९७८ नंतर वेल्सला तो मिळाला नव्हता. २००५ मध्ये सलामीलाच इंग्लंडवर ११–९ असा विजय मिळाला. गॅव्हिन हेन्सनची अखेरच्या मिनिटांतली लांब पल्ल्याची पेनल्टी लोकांच्या लक्षात राहिली, पण त्या सामन्यातला एकमेव ट्राय विल्यम्सचा होता. त्या वर्षी वेल्सने ग्रँड स्लॅम पूर्ण केला.

२००८ हे त्याचे वर्ष. वॉरन गॅटलंड यांच्या मार्गदर्शनाखाली वेल्सने पुन्हा ग्रँड स्लॅम साधला. विल्यम्सने सहा ट्राय केले आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डब्लिनच्या क्रोक पार्कवर आयर्लंडविरुद्ध त्याने गॅरेथ थॉमसच्या वेल्ससाठीच्या ४० ट्रायच्या विक्रमाची बरोबरी केली आणि आठवड्याभराने कार्डिफला फ्रान्सविरुद्ध विक्रम मोडला. फ्रान्सच्या हातून निसटलेला चेंडू पायाने पुढे ढकलत, त्याच्यामागे धावत त्याने तो गोलरेषेपलीकडे टेकवला. जूनमधल्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात वेल्स दोन्ही कसोट्या हरले. तरीही प्रिटोरियात झटापट आणि मैदानाची कड यांमधल्या अरुंद बाजूने घुसून, वाटेतले बचावपटू चकवत त्याने केलेला ट्राय जाणकारांच्या मते त्याच्या सर्वोत्तमांपैकी आहे.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचे निवडक खेळाडू घेऊन बनणाऱ्या लायन्स संघाकडून त्याचा अनुभव संमिश्र होता. २००५ च्या न्यूझीलंड दौऱ्यात मानावाटू या स्थानिक संघाविरुद्ध त्याने पाच ट्राय केले, पण कसोटी मालिका ०–३ अशी गेली. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्या दोन कसोट्यांना सुरुवातीच्या पंधरा जणांतून त्याला वगळले होते. मालिका हातची गेल्यावर जोहान्सबर्गच्या तिसऱ्या कसोटीत तो सुरुवातीपासून उतरला, दोन ट्राय केले आणि लायन्सनी २८–९ असा विजय मिळवला. वगळणाऱ्यांनी काय मिळवले, हा प्रश्न रास्तच.

शेवटच्या क्षणी सामना फिरवण्याची त्याला जणू खोडच होती. २०१० मध्ये स्कॉटलंडविरुद्ध दहा गुणांनी मागे पडलेल्या वेल्सने बरोबरी साधली. मग अखेरच्या चालीत विल्यम्सने रेषा ओलांडण्याआधीच हात उंचावत विजयी ट्राय केला (३१–२४). २०११ च्या विश्वचषकात वेल्स चौथे आले. त्यानंतर ३ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कार्डिफला त्याचा निरोपाचा सामना झाला. राष्ट्रगीताच्या वेळी तो रडत होता. वेल्स १८–२४ असे हरले, पण सामन्याच्या अगदी शेवटच्या चालीत ट्राय त्यानेच केला.

२००३ पासून तो ऑस्प्रेज या प्रादेशिक संघात होता. मे २०१२ मध्ये डब्लिनला आयर्लंडच्या लेन्स्टर संघाविरुद्धच्या प्रो-१२ या लीगच्या अंतिम सामन्यात त्याने दोन ट्राय केले, त्यांतला दुसरा अखेरच्या मिनिटांत. त्या ट्रायनंतर जादा गुणांसाठी डॅन बिगरने कडेवरून मारलेल्या किकने ऑस्प्रेज ३१–३० असे जिंकले. पुढे तो जपानमध्ये मित्सुबिशी संघाकडून खेळला. २०१३ मध्ये लायन्स दौऱ्यात जखमींची संख्या वाढल्याने गॅटलंडनी त्याला ऐनवेळी कॅनबेराच्या ब्रम्बीजविरुद्ध उतरवले. तो सामना लायन्स १२–१४ असे हरले. २०१६ मध्ये जागतिक रग्बीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.