टाइम ट्रायलचा वेग आणि सायकलचं वजन

टाइम ट्रायल म्हणजे स्वाराने एकट्याने घड्याळाशी लावलेली सायकल शर्यत. ‘सायकली हलक्या झाल्या, म्हणून टाइम ट्रायलच्या वेळा कमी झाल्या’, हा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. चढावर हलकी सायकल खरंच मदत करते, त्यामुळे तो सहज पटतो. सपाटीवर कारण वेगळं आहे.

१९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम झाला. ती सायकल सहा किलोहूनही हलकी होती. शर्यतींच्या आजच्या नियमात ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही! मग फरक कशाचा? हवेचा. ताशी ४५ किलोमीटरपुढे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या अडथळ्यात मोठा वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते: ५० वरून ५५ वर जायला जवळपास एक तृतीयांश जास्त. पुढे टेकवलेले हात, अंगाबरोबर बसणारे कपडे, निमुळतं हेल्मेट यांनी ही गरजच घटवली.

पडताळणी सोपी आहे. वारा नसताना, रिकाम्या सौम्य उतारावरून पॅडल न मारता दोनदा उतरा: एकदा ताठ बसून, एकदा वाकून. सायकल तीच ठेवा, तळाशी वेग बघा.

जुने आकडे वाचताना ठिकाणही पाहावं. मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा स्वाराला कमी अडवते.