जन्मतःच ‘आधीपासूनचा’ आजार : मुलांच्या आरोग्य विम्याची पार्श्वभूमी

आरोग्य विम्यातला प्रतीक्षा कालावधी, म्हणजे आधीच्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबावी लागणारी मुदत, मुळात मोठ्या माणसांकडे पाहून ठरला. मधुमेह झाल्यावर पॉलिसी घ्यायची, ऑपरेशनचा खर्च वसूल करायचा आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करायचं नाही, असं करणारे लोक असतात. कंपन्यांची ती धास्ती खोटी नव्हे. पण हृदयात छिद्र घेऊन जन्मलेल्या बाळाला आजाराआधी पॉलिसी घेण्याची सोय कुठे होती? बहुतेक फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच, पॉलिसींमध्ये मूल तीन महिन्यांचं झाल्यावरच स्वतंत्र नाव म्हणून घालता येतं, आणि तोवर निदान होऊन गेलेलं असतं. भारतातल्या नियमांचा इतिहास वाचताना ही गोष्ट समोर ठेवावी लागते, कारण बराच काळ नियम लिहिणाऱ्यांनी ती समोर ठेवलेली दिसत नाही.

कामगारांच्या कुटुंबांसाठी १९४८च्या कायद्याने आलेली राज्य विमा व्यवस्था बाजूला ठेवली, तर सर्वसामान्यांना विकत घेता येण्याजोगी पॉलिसी १९८६ साली आली. सरकारी कंपन्यांच्या त्या मेडिक्लेममध्ये आधीपासूनचा आजार कायमचाच वगळलेला होता. शिवाय ‘अंतर्गत जन्मजात’ आजार पहिल्या वर्षी मिळत नसत. ते मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांच्या रांगेत बसवले होते. आणि ‘बाह्य जन्मजात’ दोष तर कधीच मिळत नसत. ज्या कलमात ते होते त्याच कलमात विश्रांतीसाठीचं उपचारगृह, वंध्यत्व, गुप्तरोग आणि नशेमुळे झालेलं आजारपण होतं. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेलं मूल या यादीत कसं आलं, याचं वैद्यकीय उत्तर नाही.

अंतर्गत आणि बाह्य ही विभागणी पुढे २०१३च्या प्रमाणित व्याख्यांमध्ये अधिकृत झाली. शरीराच्या दिसणाऱ्या आणि सहज पोहोचता येणाऱ्या भागात दोष असेल तर बाह्य, नसेल तर अंतर्गत. म्हणजे निकष डोळ्यांना काय दिसतं हा, उपचाराची गरज किती हा नाही. दुभंगलेल्या टाळूमुळे बाळाला दूध ओढता येत नाही, पुढे कानाला वारंवार संसर्ग होतो, बोलणं अडतं. टाळू दिसणारा भाग म्हणायचा की न दिसणारा? वाकड्या पावलाला वेळेत प्लास्टर लावलं तर मूल नीट चालतं, पण पाऊल उघड दिसतं, म्हणून बाहेर. यातली शस्त्रक्रिया ‘सौंदर्यासाठी’ या दुसऱ्या कलमातही अडकू शकते. पालकांना दोन्ही कलमांशी भांडावं लागतं.

दरम्यान २००८ साली विमा उद्योगाने ‘आधीपासूनचा आजार’ याची एकच व्याख्या स्वीकारली. पॉलिसीआधीच्या ४८ महिन्यांत चिन्हं किंवा लक्षणं दिसली असतील, निदान झालं असेल किंवा सल्ला वा उपचार घेतला असेल, तर तो आजार आधीचा. आणि सलग ४८ महिने पॉलिसी चालू ठेवली की तोही मिळणार. कायमच्या नकाराच्या तुलनेत ही मोठीच सुधारणा होती. मात्र ‘चिन्हं किंवा लक्षणं’ या शब्दांनी मुलांच्या बाबतीत वादाला जागा ठेवली. दोन वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र पॉलिसीनंतर सापडलं, तरी ते जन्मापासून होतं हे कोणीही डॉक्टर सांगेल. मग ते आधीचं की नंतरचं? आई-वडिलांना माहीतच नव्हतं, या मुद्द्यावर ग्राहक न्यायालयांत आणि विमा लोकपालांपुढे क्लेमचे तंटे होत राहिले.

२०१८च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजारांची सरसकट वगळणूक भेदभाव करणारी ठरवली. प्रकरण एका प्रौढ हृदयरुग्णाचं होतं, पण परिणाम मुलांपर्यंत पोहोचला, कारण बालपणातले कितीतरी आजार याच गटात मोडतात. मार्चमध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने कंपन्यांना कळवलं की ‘आनुवंशिक विकार’ ही वगळणूक पॉलिसीत ठेवू नये आणि त्या कारणाने क्लेम नाकारू नयेत.

त्यानंतर आली २०१९च्या सप्टेंबरची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांनी वगळणुकींची भाषा एकसारखी केली, मानसिक आजार आणि जनुकीय आजार पॉलिसीबाहेर ठेवायला मनाई केली, आधीच्या आजाराच्या व्याख्येत डॉक्टरांचं निदान आणि सल्ला यांवर भर दिला; ‘चिन्हं, लक्षणं’ तिच्यातून २०२०च्या फेब्रुवारीत पुरती गेली. मुलांसाठी हा शेवटचा बदल खूप मोलाचा आहे: जे कोणाला ठाऊकच नव्हतं ते आधीचं ठरवणं अवघड झालं.

पण त्याच तत्त्वांमध्ये सोळा आजारांची एक यादी होती. विमा घेताना यांपैकी एखादा आजार असेल, तर ग्राहकाच्या संमतीने तो कायमचा वगळता येईल, अशी मुभा कंपन्यांना मिळाली. तोवर असे अर्ज सरळ फेटाळले जात. आता किमान तो एक आजार सोडून डेंग्यू, अपघात, न्यूमोनिया यांसाठी तरी संरक्षण मिळेल, हा त्यामागचा युक्तिवाद. प्रौढांच्या बाबतीत तो पटतो. साठीतल्या माणसाला पार्किन्सन्स वगळून बाकीचं मिळालं तर काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

मुलांच्या बाबतीत मला तो पटत नाही, आणि याच निर्णयावर सर्वांत जास्त चर्चा व्हायला हवी होती. यादीत जन्मजात हृदयविकार आहे, अपस्मार आहे, श्रवणशक्तीचा ऱ्हास आहे. या तिन्ही गोष्टी बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत नित्याच्या. शिवाय ‘ग्राहकाची संमती’ म्हणजे आई-वडिलांची सही. मूल सहा महिन्यांचं असताना केलेली ती सही आयुष्यभर लागू राहणार. ४८ महिने थांबलं की मिळेल, ही २००८ने दिलेली हमी याच मुलांपुरती परत घेतली गेली. छिद्र शस्त्रक्रियेने बुजलं, मूल धावू-खेळू लागलं, तरी पंधरा वर्षांनी हृदयाचा ठोका चुकला तर कंपनी त्या सहीकडे बोट दाखवू शकते. ठरावीक वर्षांनंतर कंपनीला माहिती लपवल्याचा मुद्दा काढता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४पासून पाच. पण करारात लिहिलेल्या कायमच्या वगळणुकीला तो नियम हात लावत नाही.

सरकारी योजनांनी ‘आधीचा आजार’ हा प्रश्नच ठेवला नाही. महाराष्ट्रात १९९७पासूनच्या जीवनदायी योजनेत गरीब कुटुंबांना हृदयाच्या शस्त्रक्रिया मिळत. २०१२मध्ये तिचं विमा स्वरूपात रूपांतर सुरू झालं. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी, सापडलेल्या दोषावर मोफत उपचार, वयोमर्यादा १८. जन्मजात दोष या कार्यक्रमाच्या पहिल्याच गटात आहेत; दुभंगलेला ओठ आणि वाकडं पाऊलही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, तेही पूर्वतपासणीशिवाय. २०१८च्या आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला पाच लाख रुपये आणि आधीचे आजार पहिल्या दिवसापासून.

मधल्या उत्पन्नाच्या घरांना मात्र बहुतेकदा नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीचाच आधार उरतो. तिथे आधीचे आजार सहसा लगेच मिळतात. म्हणून आजारी मुलाचे आई-वडील नोकरी सोडायला, स्वतःचा व्यवसाय सुरू करायला कचरतात.

एप्रिल २०२४पासून प्रतीक्षा कालावधीची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आली. सर्व वयोगटांसाठी आणि आधीचे आजार असलेल्यांसाठीही पॉलिसी उपलब्ध असावी, असं नियामकाने त्याच वर्षी कंपन्यांना बजावलं. उपलब्ध असणं आणि परवडणं वेगळं. हप्ता किती लावायचा आणि अर्ज स्वीकारायचा की नाही, हे कंपनीच ठरवते. नकार द्यायचा तर तो कारणांसह लेखी द्यायचा असतो. एजंट फोनवर ‘होणार नाही’ म्हणाला, तर पालकांनी तो कागद मागावा. त्याशिवाय तक्रारीला आधार राहत नाही.

आता या मुलांची पहिली पिढी मोठी होते आहे. तपासणी कार्यक्रम १८व्या वर्षी संपतो, फ्लोटरमधलं अवलंबित मुलाचं वय साधारण पंचविशीपर्यंत असतं. त्यानंतर स्वतःची पॉलिसी घेताना, खंड न पडता आधीच्या पॉलिसीतून बाहेर पडलं असेल, तर थांबून झालेले महिने सोबत नेता येतात. विमा बदलण्याची ही सोय २०११पासून आहे. खंड पडला, तर लहानपणीच्या शस्त्रक्रियेची माहिती नव्या अर्जात पहिल्यापासून भरावी लागते, आणि प्रतीक्षेची मोजणीही पहिल्यापासून होते.