जाळरेषा की वणवा?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ठाण्याच्या येऊर डोंगराच्या उताराचा व्हिडिओ टाकला. धूर, धुराखाली बारीक नारिंगी रेघ आणि मजकूर: 'वणवा लागलाय, फायर ब्रिगेडला कळवा.' तो वणवा नव्हता, जाळरेषेचं, म्हणजे वणवा अडवायला गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवायचं काम चाललं होतं. तसं मी ग्रुपवर जरा ऐटीतच समजावून सांगितलं. मग एप्रिलमध्ये एका रात्री साडेनऊला त्याच डोंगरावर खरा वणवा चढत होता, तेव्हा ग्रुपवर एकमत झालं: 'ते जाळरेषेचं काम असणार.' सगळे झोपले. सकाळी दोरीवरच्या बनियनवर गवताच्या काळ्या काड्या चिकटलेल्या होत्या. त्या झोपेत माझाही वाटा असल्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी जाळरेषा. पावसाळ्यानंतर आपल्या डोंगरांवरचं गवत छाती-खांद्याएवढं होतं आणि डिसेंबर-जानेवारीत वाळतं. वाटांच्या, रस्त्यांच्या आणि जंगलाच्या हद्दीच्या कडेने या गवताचा एक पट्टा कापतात, वाळू देतात आणि वारा पडलेला असताना जाळून टाकतात. उरतो तो उघड्या मातीचा पट्टा. पुढे आग आलीच तर तिला इथे खायला काही मिळत नाही. महाराष्ट्रात वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असतो, म्हणून ही कामं त्याआधी उरकायची असतात.

एकदा हे काम जवळून बघायला मिळालं. सकाळचे सात, गवतावर अजून दव. एका मजुराने चिमूटभर माती खांद्याच्या उंचीवरून सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि जागा बदलून पुन्हा सोडली. आग लावली ती वारा जिकडे वाहत होता त्या टोकाला, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. ज्वाळा गुडघ्याच्या वर गेली नाही. दोन बाजूंना दोघे-दोघे हिरवे टहाळ घेऊन उभे, आग पट्ट्याबाहेर जीभ काढतेय असं दिसलं की झोडपायची. तासाभराने मी राखेवरून चाललो तेव्हा चपलेतून धग लागली नाही. माती उष्णता सहजी आत घेत नाही. गवताची आग झरझर निघून गेली तर दोन-तीन बोटं खाली मुळांना फारशी झळ पोचत नाही.

वणवा म्हणजे हीच ज्वाळा, पण काळ, वारा आणि उतार तिच्या बाजूचे. एप्रिलपर्यंत पानगळ झालेली असते. साग, ऐन, कुडा यांचा पाचोळा घोट्याएवढा साठतो आणि पडलेली लाकडं आतपर्यंत वाळलेली असतात. त्यात चढण. चढणीवर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकते, ते पेटण्याआधीच सुकवून ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जगभरच्या आग विझवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. येऊर, पारसिक, खारघर, आपल्याकडे सपाट डोंगर नाहीच. वर पडलेली लाकडं दोन दोन दिवस धुमसतात आणि तेवढ्या जागेतली माती खोलवर भाजते.

'वणवा आपोआप लागतो, जाळरेषा माणूस लावतो' असा फरक काहीजण करतात. तो आपल्याकडे फार कामाचा नाही. बांबूवर बांबू घासून आग लागते हे शाळेत सगळेच शिकलो, पण आपल्या डोंगरांवरचे वणवे जवळपास सगळे माणसाच्या हातचेच. वीज पडते तीही बहुतेक पावसाबरोबर. फेकलेलं थोटूक, पार्टीनंतर न विझवलेली चूल, 'जाळलं की गवत चांगलं येतं' म्हणून लावलेली काडी, आणि काही वेळा राबाची निसटलेली आग.

राबाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण राब या दोघांच्या मधे येतो आणि शिव्या मात्र वणव्याच्या खातो. भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर शेण, टहाळ, पेंढा, पाचोळा यांचे थर घालून वर माती पसरतात आणि पावसाआधी ते सावकाश भाजतात. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. ठाणे जिल्ह्यात हे इतकं मुळातलं आहे की ब्रिटिशांनी जंगलं राखीव केल्यावर टहाळ तोडण्याच्या हक्कावरून इथे मोठा असंतोष झाला, आणि ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या या गाऱ्हाण्यांसाठी सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला. राब ही शेतातली आग आहे. बांधावरच्या गवताला लागून ती डोंगर चढली की मगच तिला वणवा म्हणायचं.

आता तो वाद, जो दर उन्हाळ्यात कुणीतरी काढतंच: आग जंगलाला चांगली असते ना? अमेरिकेत नाही का ठरवून जंगल जाळत?

जाळतात, आणि त्यामागे खाल्लेली ठेच आहे. तिकडच्या वनखात्याने १९३५ पासून प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायची असं धोरण ठेवलं. पुढे अनेक जंगलांत काटक्या-झुडपांचा इतका साठा झाला की लागलेली आग आवरेना. आफ्रिकेच्या सव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात तर आग नसेल तर झुडपं वाढून गवत झाकून टाकतात. गवताचे कोंब जमिनीलगत असतात, वरचं जळलं तरी ते पुन्हा फुटतं. रोपट्याचा शेंडा मात्र जळतो. आपल्या जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरीच्या डोंगरांतलं. तिथले सोलिगा आदिवासी हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळ्याला हलकी आग लावत, तिला ते 'तरगु बेंकी' म्हणतात. अभयारण्य झाल्यावर ही प्रथा बंद पडली, आणि घाणेरी (लँटाना) हे झुडूप माजलं ते त्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं आहे.

हे सगळं खरं मानूनही ते ठाण्याला जसंच्या तसं लागू होत नाही, असं माझं मत आहे. खरी माळरानं घाटापलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, सोलापूरजवळच्या नान्नजला, जिथे पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पडतो. आपल्याकडे तो २,५०० च्या आसपास. इतक्या पावसात पारसिकच्या उतारावर नुसतं गवत दिसतं ते बहुतेक ठिकाणी माळरान म्हणून नव्हे, तर तोड, चराई आणि दरवर्षीची आग यांनी खाली दाबून ठेवलेलं जंगल म्हणून. आग लागली की पुढच्या पावसात गवत खरंच हिरवंगार येतं. तेवढंच दिसतं. मधल्या वर्षांत उगवलेली रोपं गेलेली दिसत नाहीत. टिकतात ती जाड सालीची किंवा बुंध्यातून पुन्हा फुटणारी झाडं: ऐन, पळस, साग. आणि घाणेरीही, तीही जळून बुडातून फुटते.

कारवीचं बघा, हे झुडूप आठ वर्षांतून एकदाच फुलतं. येऊरच्या बाजूला ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. फुलून झालं की झाडं मरतात आणि वाळलेल्या काठ्यांचं रान उभं राहतं. बोंडं उन्हाळाभर तशीच असतात, पहिल्या पावसात तडतड फुटून बी उडतं. त्या एका उन्हाळ्यात वणवा गेला तर आठ वर्षांची कमाई एका रात्रीत राख. एप्रिल-मेमध्येच रातवा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्याचंही तेच. आणि मोकळ्या झालेल्या उतारावर जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की माती खालच्या नाल्यात.

हवामानाचा हिशेबही असाच कशावर आग लागली यावर ठरतो. गवताने जेवढा कार्बन सोडला तेवढा पुढच्या पावसाळ्यातलं गवत बव्हंशी परत घेतं. सुक्या लाकडात निम्मा कार्बनच असतो, तो परत यायला झाड पुन्हा तेवढं व्हावं लागतं, म्हणजे कित्येक दशकं. मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळी दोन्ही आगींतून निघतात, पण परत कुणी घेत नाही. म्हणूनच उत्तर ऑस्ट्रेलियात, आर्नहेम लँडमध्ये, २००६ पासून तिथले आदिवासी हंगामाच्या सुरुवातीला छोट्या-छोट्या आगी लावतात. उशिराच्या मोठ्या आगी त्यामुळे टळतात आणि एकूण मिथेन, नायट्रस ऑक्साइड कमी सुटतो.

मात्र हे वाचून कुणी काडी खिशात घालून येऊरला जाऊ नये. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे.

गॅलरीतून ओळखायचं कसं, तर आधी घड्याळ आणि कॅलेंडर बघा. जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर, वाट किंवा हद्द धरून सरळ जाणारी रेघ आणि तिच्याभोवती हलणारी माणसं दिसली तर ती बहुधा जाळरेषा. मार्चनंतर, रात्री, रेघ वाकडी होऊन वर चढतेय, आजूबाजूला एकही बॅटरी हलताना दिसत नाही, तर १९२६ लावा. वनखात्याची ती हेल्पलाइन आहे. डोंगराची कुठली बाजू आणि खालून कुठली वाट जाते ते सांगता आलं तर उत्तम. ग्रुपवर व्हिडिओ त्यानंतर टाका.