बेलो क्लॉडिया : खारवलेल्या मासळीवर उभे राहिलेले रोमन शहर

स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफा हे आज पतंगाच्या दोरीने ओढल्या जाणाऱ्या फळीवर उभे राहून लाटांवर धावणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. उन्हाळ्यात तेथे खोली मिळणे कठीण, गल्ल्यांतून चालणे त्याहून कठीण. या गर्दीपासून वीसएक किलोमीटर वायव्येला, बोलोनियाच्या वाळूच्या किनाऱ्याला अगदी लागून, बेलो क्लॉडिया या रोमन शहराचे अवशेष आहेत. अंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून आलेला प्रवासी सहज तासभर तेथे डोकावतो आणि देवळांचे खांब पाहून परततो. त्या शहराचा मूळ उद्योग मात्र देवळांच्या खाली, समुद्राच्या बाजूला आहे.

हा उद्योग मासळीचा होता. अटलांटिक महासागरातील ट्यूना मासे अंडी घालण्यासाठी दर वर्षी वसंत ऋतूत जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरतात आणि त्या वेळी त्यांचे थवे किनाऱ्याजवळून जातात. ही वाट रोमनांच्या आधी फिनिशियनांना, म्हणजे पूर्व भूमध्य किनाऱ्यावरून आलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांना, ठाऊक होती. जवळच्या गादेस, म्हणजे आजच्या कादिझच्या जुन्या नाण्यांवर ट्यूनाचीच जोडी कोरलेली आढळते. बेलोची पूर्वीची वस्ती मागच्या डोंगरावर होती. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून लोक खाली किनाऱ्यावर स्थिरावू लागले. भूगोलकार स्ट्रॅबोने बेलोचा उल्लेख करताना तीनच गोष्टी सांगितल्या आहेत : येथे बाजारपेठ आहे, मासे खारवण्याचे कारखाने आहेत आणि आफ्रिकेतील टिंगिसला, म्हणजे आजच्या टँजिअरला, जाणारी माणसे येथून जहाजात बसतात. हे शेवटचे काम आता तारिफाच्या धक्क्यावरील फेरी बोटी करतात.

कारखान्यांचे हौद अजून जागेवर आहेत. जमिनीत खोदलेल्या या चौकोनी आणि काही ठिकाणी मोठ्या गोल टाक्यांना आतून चुना आणि विटकरीचा चुरा यांचा जाड गिलावा दिलेला आहे. साफ करून कापलेल्या ट्यूनाचे तुकडे आणि मीठ यांचे थर त्यांत एकावर एक रचले जात. उरलेली आतडी, रक्त आणि बारीक मासळी मिठात घालून उन्हात कित्येक आठवडे मुरवली, की जो पातळ रस सुटे, तो गारूम. रोमन स्वयंपाकात आमटीपासून गोड पदार्थापर्यंत त्याचा वापर होई. रोमन ग्रंथकार प्लिनीच्या म्हणण्यानुसार सुगंधी द्रव्ये सोडली, तर याहून महाग द्रव पदार्थ क्वचितच असेल. उत्तम प्रतीच्या सुमारे साडेसहा लिटरांना एक हजार सेस्टर्स (रोमन नाणी) मोजावे लागत. ज्यांनी कोकणात बोंबील आणि खारा बांगडा वाळताना पाहिला आहे, त्यांना त्या कारखान्यांच्या वासाची थोडी कल्पना करता येईल. माल दोन मुठींच्या मातीच्या कुंभांत भरून जहाजाने रवाना होई. मराठी वाचकाला कुंभांचा हा प्रकार अगदी अनोळखी नाही, कारण नेवासे आणि घारापुरी येथे रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत.

या पैशावर शहर उभे राहिले. सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत (इ. स. 41 ते 54) त्याला नगराचा दर्जा मिळाला आणि नावात ‘क्लॉडिया’ आले. शहराच्या मुख्य चौकाच्या वरच्या बाजूस ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांची तीन स्वतंत्र देवळे आहेत. एरवी ही तिन्ही दैवते एकाच देवळाच्या तीन गाभाऱ्यांत असत, त्यामुळे ही मांडणी दुर्मीळ ठरते. शेजारीच इजिप्तहून आलेल्या इसिसचे देऊळ आहे. तेथे देवीच्या नावे अर्पण केलेल्या, पावलांचे ठसे कोरलेल्या संगमरवरी पाट्या सापडल्या. उतारावर सुमारे दोन हजार प्रेक्षकांचे नाट्यगृह आहे. न्यायमंडपात मिळालेला सम्राट ट्रेजनचा भव्य पुतळा आता कादिझच्या संग्रहालयात असून जागेवर त्याची प्रतिकृती ठेवली आहे.

शहराची अखेर एका फटक्यात झाली नाही. पहिल्या शतकाच्या मध्यात भूकंपाने पडझड झाल्यावर त्याची नव्याने उभारणी झाली; तिसऱ्या शतकानंतर मात्र ती उभारी पुन्हा आली नाही. चौकातील फरसबंदी काही ठिकाणी लाटेसारखी उचललेली दिसते, तिचा संबंध अभ्यासक भूकंपाशी जोडतात. व्यापार आटत गेला आणि सातव्या शतकाच्या सुमारास वस्ती उठली.

पुढे मूठभर कोळी आणि गुराखी या दगडांमध्ये राहत होते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर पारी यांनी जॉर्ज बॉन्सर यांच्या साथीने 1917 ते 1921 या काळात येथे पद्धतशीर उत्खनन केले. वेशीबाहेरच्या दफनभूमीत त्यांना थडग्यांसमोर रोवलेले ओबडधोबड दगडी मुखवटे आढळले. नीट नाकडोळेही नसलेल्या या आकृत्यांना स्पॅनिशमध्ये ‘मुन्येकोस’, म्हणजे बाहुल्या, असे नाव पडले. रोमन साम्राज्यातही येथील लोकांनी आपल्या मृतांसाठी जुनी प्यूनिक, म्हणजे फिनिशियन वंशाच्या कार्थेजकरांची, रीत सोडली नव्हती, असे त्यांवरून मानले जाते. मला विचाराल तर ट्रेजनच्या पुतळ्यापेक्षा या बाहुल्या अधिक बोलक्या आहेत. 1925 मध्ये या स्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि 1966 पासून फ्रेंच संशोधकांनी काम पुन्हा हाती घेतले.

दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकात हॉटेलांच्या भिंती उभ्या राहिल्या, पण हा तुकडा त्यातून सुटला. सामुद्रधुनीच्या या भागावर लष्कराचा दीर्घकाळ ताबा होता. शिवाय पूर्वेकडून सलग कित्येक दिवस घोंघावणारा ‘लेव्हांते’ वारा छत्रीखाली पडून राहणाऱ्या पर्यटकाला नकोसा वाटे. त्याच वाऱ्याच्या ओढीने 1980 नंतर शिडाच्या फळ्या घेऊन तरुण तारिफाला येऊ लागले, तेव्हा गाव बदलले. 2003 मध्ये बोलोनियासह हा किनारा निसर्ग उद्यान म्हणून राखीव झाला आणि बांधकामाला आळा बसला. 2007 मध्ये खुले झालेले पाहुण्यांसाठीचे संग्रहालय मात्र अवशेषांना लागूनच काँक्रीटमध्ये बांधले आहे. वास्तुविशारद गिएर्मो वाझ्केझ कॉन्सुएग्रा यांचे हे काम आतून देखणे असले, तरी समुद्रावरून पाहताना ते थोडे खटकतेच.

मासेमारी अजून संपलेली नाही. उंच जाळ्यांचा चक्रव्यूह उभारून ट्यूना पकडण्याची ‘अल्माद्राबा’ ही पद्धत कोनिल, बार्बाते, झारा आणि तारिफा या चार ठिकाणी दर वसंतात चालते. तेथील उत्तम मासा आज हौदात न जाता थंड पेट्यांतून जपानला रवाना होतो.