संकेतस्थळाची साधने (नागपुरातील लघुव्यवसाय)

दुकान, घरगुती उद्योग, छोटा कारखाना किंवा सेवा चालवताना मागणी घेणे, पैसे वसूल करणे, बिल करणे, शिल्लक माल मोजणे आणि पार्सल पाठवणे ही रोजची कामे वेबसाइटवर व तिला जोडलेल्या सुविधांवर सोपवण्याची पद्धत. व्यापारी बोलताना एवढेच म्हणतात, की ‘आम्ही ऑनलाइन केलं’. मागणीचा फॉर्म, भावांची यादी, पैसे भरण्याची लिंक, बिलिंगचे सॉफ्टवेअर, नकाशावरची दुकानाची नोंद, भेटीची वेळ देणारे कॅलेंडर हे सगळे त्यात येते. चार फोटो आणि एक फोन नंबर लावलेली वेबसाइट मात्र यात मोजू नये. ती पाटी आहे, आणि पाटी बिल करत नाही.

नागपूरच्या ठोक व्यापाराचे जुने केंद्र म्हणजे इतवारी. धान्य, मसाले, सुकामेवा, सराफा यांची दुकाने इथे दाटीने आहेत आणि लागूनच गांधीबागेत कापडबाजार. या पेढ्यांचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वह्यांत चाले. दिवसभराचे व्यवहार जसे घडतील तसे किर्दीत लिहायचे आणि संध्याकाळी मुनीमजींनी ते एकेका खात्याप्रमाणे खतावणीत उतरवायचे. म्हणजे एकच व्यवहार निदान दोनदा लिहिला जाई. त्यात पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि मालकाच्या खिशातली डायरी धरली तर चार-पाचदा. आजच्या बिलिंग सॉफ्टवेअरने नवे काही केले असेल तर एवढेच, की किर्दीतून खतावणीत उतरवण्याचे काम माणसाकडून काढून घेतले. नोंद एकदाच करायची, पुढे ती जिथे लागेल तिथे आपोआप पोचते. कोणतेही साधन घेण्याआधी हा एकच प्रश्न विचारावा: यामुळे माझे लिहिणे एकदा कमी होते, की एकदा वाढते? बऱ्याच दुकानांत ते वाढते, कारण साधन येते आणि डायरीही सुटत नाही.

बदलाची गती बाहेरच्या घटनांनी ठरवली. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपचे व्यवसायांसाठीचे वेगळे अॅप आले. २०२० च्या टाळेबंदीत उरलेसुरलेही या वाटेला लागले.

मागणीची नोंद

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात चालणारा सावजी मसाल्याचा आणि वाळवणाचा घरगुती उद्योग डोळ्यांसमोर आणा. दिवाळीआधीचा आठवडा आहे. फोनवर निरोप येतो, ‘ताई, मागच्यासारखंच पाठवा जी.’ या चार शब्दांत वजन नाही, पत्ता नाही, तिखट किती तेही नाही. ताई मागच्या वर्षीची डायरी शोधतात. सापडलेली मागणी चिठ्ठीवर लिहून आत स्वयंपाकघरात जाते, चिठ्ठीवरून बिल होते, बिलावरून कुरिअरच्या कागदावर पत्ता उतरतो. तिसऱ्या उताऱ्यात पिनकोडचा एक आकडा चुकतो आणि अमरावतीचे पार्सल आठवडाभर भलत्याच गावी फिरते.

वेबसाइटवरचा फॉर्म इथे कामाला येतो तो दिसण्यामुळे नव्हे, अडून बसण्यामुळे. वजन निवडल्याशिवाय आणि सहा आकडी पिनकोड भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. अडचण एवढीच, की जुने गिऱ्हाईक फॉर्म भरत नाही, ते फोनच करते. यावर अनुभवी उद्योजकांनी काढलेला तोडगा साधा आहे. फोन कानाला लावून तो फॉर्म स्वतःच भरायचा. गिऱ्हाइकाची सवय मोडायची नाही, फक्त नोंदीची जागा बदलायची. पुढच्या दिवाळीला ‘मागच्यासारखंच’ म्हटले, की नंबर टाकताच जुनी मागणी समोर येते.

नागपुरात आणखी एक कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला, की दुपारी बाजार सामसूम होतो, दुकानदार घटकाभर आडवा होतो आणि गिऱ्हाईकही उन्हे उतरल्यावरच बाहेर पडते. घरी कूलरपुढे बसलेल्या लोकांच्या मागण्या नेमक्या याच वेळात येतात. तेव्हा फोन कुणी उचलत नाही, फॉर्म मात्र उघडा असतो.

मालाचे नाव आणि माप

साधन बसवताना सर्वांत जास्त वेळ सॉफ्टवेअरला लागत नाही, मालाची यादी करायला लागतो. दुकानात ‘बारका डबा’ म्हणजे काय, हे नोकराला ठाऊक असते, वेबसाइटला नसते. भिवापुरी मिरची अख्खी, देठ काढलेली, जाडसर कुटलेली आणि बारीक दळलेली अशी चार रूपांत विकली जात असेल, तर यादीत चार नावे हवीत. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक नसेल तर शिल्लक माल कधीच जुळत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

संत्र्याचे प्रकरण याहून नाजूक. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचे माप दर पायरीवर बदलते. कळमना बाजारात भाव टनावर निघतो, तिथून माल क्रेटने हलतो आणि बर्डीच्या बाजारातल्या हातगाडीवर डझनाने विकला जातो. एका डझनाचे वजन फळाच्या आकारानुसार वरखाली होते. त्यामुळे ‘एक क्रेट म्हणजे इतके डझन’ असा पक्का हिशेब भरून ठेवला, की महिनाअखेरीस कागदावर फळे उरतात आणि टोपली रिकामी असते. ज्यांनी वेबसाइटवर वजन हेच खरे माप धरले आणि नगसंख्या अंदाजे म्हणून लिहिली, त्यांचा ताळमेळ बसतो. शिवाय संत्रे बारमाही नाही. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात हाती येतो, मृग बहार फेब्रुवारीच्या पुढे. मधल्या काळात पान उघडे राहिले तर मागण्या येत राहतात आणि प्रत्येकाला नकार कळवत बसावे लागते. तेव्हा हंगाम संपताच मागणी बंद करणारी तारीख आधीच टाकून ठेवलेली बरी. संत्रा बर्फी बारमाही मिळते, तिला ही अडचण नाही. उन्हाळ्यात दूरच्या गावी पाठवताना ती टिकेल किती, हा वेगळा प्रश्न.

डबाबंद मालाच्या पानावर निर्मात्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत दाखवणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांकही हाताशी हवा.

पैसे

गल्ल्याशेजारचा स्पीकर ‘पाचशे रुपये प्राप्त हुए’ असे ओरडतो, पण कोणाचे ते सांगत नाही. गर्दीत दोन गिऱ्हाइकांनी सारखीच रक्कम पाठवली, की गोंधळ ठरलेला. मोबाइलवरचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेण्याचे प्रकारही होतात. मागणी-क्रमांकाला जोडलेली लिंक पाठवली, तर रक्कम त्याच क्रमांकासमोर जमा दिसते आणि स्क्रीनशॉट बघण्याची गरज उरत नाही. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआय रकमेवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला बँकेचे व्यापारी शुल्क पडत नाही. पेमेंट गेटवेवरून, म्हणजे वेबसाइटवर पैसे घेऊन देणाऱ्या सेवेतून, कार्डाने पैसे आले, तर साधारण दोन टक्के शुल्क कापले जाते आणि रक्कम दोन हजारांवर असेल तर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटीही. हजाराच्या मागणीवर साधारण २० रुपये. पाव किलो मसाल्याच्या पुडीत हा खर्च बसतो का, ते भाव ठरवण्याआधी पाहावे.

सीमेचा कर

नागपूरच्या छोट्या विक्रेत्याला वेबसाइट सुरू होताच भेटणारा खरा पेच भूगोलाचा आहे. सौंसर आणि पांढुर्णा ही गावे नागपूरहून शंभर किलोमीटरच्या आत आहेत, तिथे मराठी बोलली जाते, नातीगोती इकडची. पण ती मध्य प्रदेशात. सुमारे आठशे किलोमीटरवरची मुंबई कराच्या लेखी घरची आणि सौंसरचे गिऱ्हाईक परराज्यातले. दुकानात येऊन त्याने पिशवी उचलून नेली तर विक्री सहसा राज्यातली धरली जाते. तोच माल वेबसाइटवरून त्याच्या घरी पाठवला, की ती आंतरराज्य विक्री झाली.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला, की ही सूट लागू राहत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंचा अपवाद आहे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हणून नोंदणी नसलेल्या उद्योगाने मागणीच्या फॉर्ममध्येच पिनकोडची चाळणी लावावी. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात (४०३ हा गोव्याचा), छिंदवाड्याकडचे ४८० ने. नोंदणी असलेल्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पत्त्यातले राज्य बघून केंद्र-राज्य असा दुहेरी कर किंवा एकच एकात्मिक कर लागतो. पत्ता चुकला तर करही चुकतो, आणि तो महिनाअखेरीस सीएच्या टेबलावर उघडा पडतो. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर जाताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला लागतो. राज्यातल्या राज्यात ही मर्यादा १ लाख आहे.

नकाशा, नाव आणि मालकी

बोलीत ‘बर्डी’, पाटीवर ‘सीताबर्डी’ आणि रोमन लिपीत लिहाल तितक्या तऱ्हा. नकाशावरच्या नोंदीत यांपैकी एकच रूप असेल, तर दुसऱ्या रूपाने शोधणारा शेजारच्या दुकानात पोचू शकतो. दुकानाचे वर्णन मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे बोलीतले नाव घालून लिहिलेले चालते. सणासुदीच्या सुट्टीची वेळ तिथे बदलायला लोक हमखास विसरतात. मारबतीच्या मिरवणुकीने रस्ते भरलेले असताना नकाशा मात्र दुकान उघडे असल्याचे सांगत राहतो.

वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे, हे बहुतेकांना नूतनीकरणाच्या दिवशी कळते. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या ईमेलवर घेतलेले असते, आणि तो एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेला असतो. डोमेन, होस्टिंग (वेबसाइट ठेवलेली इंटरनेटवरची जागा) आणि मुख्य ईमेल ही तिन्ही मालकाच्या नावावर हवीत. २०१४ पासून देवनागरीत .भारत हे डोमेनही घेता येते. फुकटच्या सोयीवर संपूर्ण धंदा टांगू नये, हेही ओघाने आले: गूगलच्या व्यवसाय-नोंदीतून बनवता येणाऱ्या मोफत वेबसाइट २०२४ च्या मार्चमध्ये कंपनीने बंद केल्या. गिऱ्हाइकांची आणि मालाची यादी दर महिन्याला उतरवून घेऊन आपल्याकडे ठेवली असेल, तर अशा वेळी फक्त घर बदलावे लागते. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाइट पैसे मागतात, त्यांच्यापासून जपून.

उधारी

उधारीची आठवण आपोआप पाठवणारी सोय दुकानदारांना सर्वांत आधी आवडते आणि सर्वांत आधी तीच बंद केली जाते. इतवारीतल्या एका किराण्याच्या पेढीवर वीस वर्षे जुन्या गिऱ्हाइकाला सकाळी सात वाजता संदेश गेला: ‘आपली थकबाकी त्वरित भरावी.’ तो दहा वाजता स्वतः आला, पूर्ण पैसे गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाला, ‘भाऊ, सांगितलं असतं तर काल नसते का दिले?’ पुढची खरेदी त्याने दुसरीकडे केली. पेढीने सोय काढून टाकली नाही, तिचा रोख बदलला. आता थकलेल्या खात्यांची यादी दर सोमवारी मालकाच्याच फोनवर येते, आणि तो एकेकाला फोन लावून आधी घरच्यांची चौकशी करतो.