कंबर वाकडी की दांडा आखूड?

इटलीतल्या एका नोटरीची गोष्ट आहे, तीनशे वर्षांपूर्वीची. दिवसभर दस्तऐवज लिहायचे, हेच त्याचं काम. आधी उजवा हात भरून यायला लागला. औषधं झाली, लेप झाले, उतार पडेना. शेवटी हात लुळाच पडला. पण पोट तर चालवायलाच हवं, म्हणून तो नेटाने डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डाव्या हातालाही तेच दुखणं जडलं.

ही हकीकत लिहून ठेवली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने. कारागिरांच्या आजारांवरचं त्याचं पुस्तक 1700 साली आलं आणि 1713 च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांचीही दखल घेतली. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं सांगितली: सतत बसून राहणं, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. आज संगणकावर आठ-नऊ तास बसणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. शिंपी आणि चांभार सणाच्या मिरवणुकीतसुद्धा पोक काढून, लंगडत चालतात, हेही त्याने पाहिलं होतं. रोग्याला काय होतंय हे विचारताना ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा, असं त्याने वैद्यांना बजावलं. मला या साऱ्या इतिहासात हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पुढची दोनशे वर्षं तो बहुतेकदा विचारलाच गेला नाही.

तारायंत्राचंच बघा. टिंबं आणि रेघांच्या मोर्स लिपीत, खटका दाबत दिवसभर तारा पाठवणाऱ्यांची बोटं आणि मनगटं आखडायची. ब्रिटनने 1908 साली हे दुखणं कामगार भरपाईच्या यादीत घेतलं. पण 1911 मध्ये तिथल्या टपाल खात्याच्या चौकशी समितीने कारण सांगताना श्रमाच्या जोडीला तारवाल्यांच्या नाजूक मनोवृत्तीलाही जबाबदार धरलं. म्हणजे दोष पुन्हा माणसाकडेच. अमेरिकेत तारवाले या दुखण्याला ‘काचेचा हात’ म्हणत. तिथे होरेस मार्टिन याने त्याआधीच, 1904 च्या सुमारास, खटकाच बदलून पाहिला होता. वरखाली दाबण्याऐवजी आडवा हलवायचा आणि टिंबं आपोआप उमटवणारा खटका त्याने बनवला. हाताचे ठोके एकदम कमी झाले.

‘एर्गोनॉमिक्स’, म्हणजे काम आणि अवजार माणसाच्या अंगाला साजेसं करण्याचं शास्त्र, हा शब्द त्याहून जुना. पोलंडच्या वोइचेख यास्त्झेंबोव्स्की यांनी 1857 मध्ये ग्रीक ‘एर्गोन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम यांवरून तो घडवला. मात्र तो पोलिश लेखनातच पडून राहिला. 1949 मध्ये हायवेल मरेल यांनी ब्रिटनमध्ये तो नव्याने घडवला आणि रूढ केला. मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं होतं. अमेरिकेच्या बी-17 या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटायच्या ऐवजी चाकंच आत घेत आणि विमान पोटावर बसे. 1943 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिलं तर दोन्ही बटणं शेजारी-शेजारी आणि अगदी सारखी. त्यांनी चाकांच्या बटणाला रबरी चाक आणि झडपांच्या बटणाला पाचरीचा आकार द्यायला सांगितलं. अंधारातही हाताला फरक कळू लागला.

पण मी इथे ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. तिथल्या कोबी-लेट्यूस आणि शुगरबीटच्या शेतांत मजुरांना विरळणीसाठी आखूड दांड्याचं कुदळं दिलं जाई. दांडा जेमतेम फूटभर. मेक्सिकन मजूर त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडलं, म्हणत. ते चालवायचं तर कमरेतून पार दुमडून ओळच्या ओळ पुढे सरकायचं, दिवसभर. मालक सांगत, रोपाजवळ वाकल्याशिवाय काम नीट होत नाही. पण मुकादमाला त्यात आणखी एक सोय होती: उभा दिसला तो मजूर काम करत नाही, हे बांधावरूनच कळे. पाठ सरळ करायला उठणंसुद्धा कामचुकारपणा ठरायचं.

मजुरांच्या वकिलांनी या अवजारावर बंदी मागितली. सुरक्षा खात्याने ती नाकारताना सांगितलं, की धोकादायक अवजार म्हणजे मोडकं किंवा सदोष अवजार, आणि हे कुदळं तर धडधाकट आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये हा अर्थ फेटाळला. अवजार शाबूत असूनही ते ठरल्या रीतीने वापरल्यावर माणसाची पाठ मोडत असेल, तर ते धोकादायकच. त्याच वर्षी बंदी आली. दांडे लांब झाले, पिकं येतच राहिली. काही ठिकाणी मात्र अवजारच काढून घेऊन मजुरांना वाकून हाताने तण उपटायला लावलं गेलं. त्यावर निर्बंध यायला 2004 साल उजाडलं.

हे वाचताना मला आपल्याकडची खुरपणी दिसते. सकाळी ओळीने बसलेल्या बाया, गुडघे पोटाशी, एका हातात खुरपं, दुसऱ्या हाताने तण धरलेलं, आणि उठायचं नाही, तसंच बसल्याबसल्या पाऊल-पाऊल पुढे सरकायचं. दिवस कलताना उठतात तेव्हा आधी हात गुडघ्यांवर, मग कमरेवर, आणि पाठ सरळ व्हायला चार पावलं जावी लागतात. घरी आल्यावर चूल, पाणी, भांडी पुन्हा वाकूनच. आपण याला ‘वयानं कंबर धरली’ म्हणतो. सायकल कोळपं उभ्याने ढकलता येतं आणि दोन ओळींमधलं तण काढतं. रोपालगतचं तण त्याने निघत नाही, तिथे खुरपं लागतंच. पण दिवसभराचं वाकणं निम्म्यावर आलं तरी गुडघ्यांना ते कळतं.

ओझ्याचं तसंच. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 34, 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेईपर्यंत, सांगत असे, की इजा होईल इतकं जड ओझं कामगाराला उचलायला लावू नये. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रात सगळं अनुकूल असताना उचलायचं कमाल वजन 23 किलो धरलं: ओझं अंगाजवळ, पीळ नाही, वारंवार उचलणं नाही. आपल्याकडे सिमेंटची गोणी 50 किलोची येते आणि ती पाठीवरून जिना चढते.

ऑफिसात बसणाऱ्यांचं अवजार म्हणजे लॅपटॉप. त्याचा दोष घडणीतच आहे: पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवले तर मान खाली जाते, पडदा डोळ्यांसमोर आणला तर खांदे वर चढतात. म्हणून वेगळा कीबोर्ड घ्यावा आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड नजरेच्या रेषेत आणावी. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. आणि अर्ध्या तासाने उठावं. खुरपणाऱ्या बाईला मुकादम उठू देत नाही, आपल्याला निदान तेवढी मोकळीक आहे.